आर्थिक लोकवाद आणि पक्षाचे भवितव्य (नाशिक जिल्हा)

आर्थिक लोकवाद : एका बाजूला कष्टकरी बहुसंख्य आणि दुसऱ्या बाजूला बाजार, जमीन व भांडवल हाती असलेले थोडे, अशी मांडणी करून मजुरी, शेतमालाचा भाव, कर्ज, जमीन आणि कर या प्रश्नांवर पक्ष उभा करण्याची राजकीय रीत. जात, धर्म किंवा परप्रांतीय यांच्याकडे बोट न दाखवता ती उत्पन्नाच्या वाटपाबद्दल बोलते, तेव्हा तिला पुरोगामी म्हणतात. मराठी वर्तमानपत्रांत ‘लोकानुनय’ हा शब्द बहुतेक वेळा दूषण म्हणून येतो. २०२२ पासून ‘रेवडी’ हा शब्दही त्याच्या जोडीला आला. या दोन्ही शब्दांमुळे एक मोठी गफलत होते. मजुराचा कामावरचा हक्क आणि निवडणुकीच्या तोंडावर खात्यात पडलेला हप्ता एकाच पोत्यात भरले जातात. नाशिक जिल्ह्यात हे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी पाहायला मिळतात, म्हणून एखाद्या पक्षाने आपले भवितव्य या रीतीवर बांधावे का, हा प्रश्न इथे पुस्तकी राहत नाही.

उगम

हे नाव अमेरिकेतून आले. कर्जात बुडालेल्या कापूस व गहू उत्पादकांच्या चळवळीतून तिथे पीपल्स पार्टी निघाली आणि ४ जुलै १८९२ रोजी ओमाहा येथे तिचा जाहीरनामा मंजूर झाला. चढत्या दराचा आयकर आणि रेल्वेची सरकारी मालकी या त्यातल्या ठळक मागण्या. सरकारी गोदामात माल ठेवून किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळावे, ही याच चळवळीची आणखी एक मागणी होती. आपल्याकडची कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना तिची नातलग म्हणता येईल : मका, सोयाबीन, हरभरा, बेदाणा असा माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, १८० दिवसांसाठी, ६ टक्के व्याजाने कर्ज मिळते. कांदा तीत बसत नाही, कारण तो सडतो.

पीपल्स पार्टीने १८९६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबा दिला, तो हरला आणि पक्ष विरघळून गेला. आयकराची घटनादुरुस्ती मात्र १९१३ मध्ये झाली. मागणी जिंकते आणि मागणी करणारा पक्ष उरत नाही, हा अनुभव पुढे नाशिकलाही आला. २०२४ च्या पराभवानंतर डेमोक्रॅटिक पक्षात, आर्थिक प्रश्नांवर पक्ष उभा करावा का, हा वाद पुन्हा पेटला. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यूयॉर्कच्या महापौरपदी त्याच पक्षाचे झोहरान ममदानी निवडून आले ते घरभाडे गोठवणे आणि मोफत बस या मुद्द्यांवर.

दादासाहेब गायकवाड आणि जमिनीचा प्रश्न

दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांचा रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोनच वर्षांत फुटला. फुटीच्या कारणांमध्ये हाच प्रश्न होता : पक्षाने भूमिहीनांच्या जमिनीसाठी रस्त्यावर उतरावे, की सनदशीर हक्क व प्रतिनिधित्व यांवर भर द्यावा? गायकवाडांच्या विरोधकांना त्यांचा मार्ग कम्युनिस्टांच्या फार जवळचा वाटला. दोन गटांना लोक ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ म्हणू लागले.

गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह चालवला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, धान्य रास्त दरात द्या, किमान वेतन लागू करा, अशा मागण्यांसाठी देशभर लाखोंनी अटक करवून घेतली. त्यात दलित होते तसे इतर जातींचे भूमिहीनही होते, आणि या मांडणीचे बळ नेमके तिथेच होते. पण सत्याग्रहाने जोडलेला हा समाज मतदान केंद्रावर पक्षाचा म्हणून टिकून राहिला नाही. जमिनीचा तुकडा मिळाला त्याला पुढे बी, बैल आणि पतपुरवठा हवा होता. त्यासाठी सोसायटी व पंचायत समितीचे दार ठोठवावे लागे आणि तिथे दुसऱ्याच पक्षाची माणसे बसलेली असत.

रास्त भाव

शरद जोशी यांची शेतकरी संघटना चाकणच्या कांद्यातून निघाली, पण ती वाढली नाशिक जिल्ह्यात. नोव्हेंबर १९८० मध्ये कांद्याला भाव आणि उसाला टनाला ३०० रुपये या मागणीसाठी मुंबई-आग्रा महामार्ग आणि रेल्वे अडवली गेली. निफाड तालुक्यातील खेरवाडी येथे पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी मरण पावले. जानेवारी १९८२ मध्ये सटाण्याला संघटनेचे पहिले अधिवेशन झाले, तर नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे.

‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आजही आठवली जाते, पण तिचा अर्थ नीट लक्षात घेतला जात नाही. जोशींना अनुदान नको होते. सरकारने भाव पाडायचे थांबवावे, एवढेच हवे होते. त्यांनी १९९४ मध्ये काढलेला स्वतंत्र भारत पक्ष खुल्या बाजाराच्या बाजूचा होता. त्यामुळे कांदा आंदोलनाला सरसकट डाव्या लोकवादाच्या खात्यात टाकणे चूक आहे. रास्त भाव मागणारा मतदार सरकारकडे खरेदीसाठी पाहू शकतो किंवा सरकारने बाजूला व्हावे असेही म्हणू शकतो. पक्षाने कोणत्या अर्थाने त्याची बाजू घेतली हे स्पष्ट केले नाही, तर पहिल्याच तेजीत त्याची कोंडी होते.

कांद्याची दोन टोके

लासलगावच्या लिलावात भाव चढला की सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराच्या घरात कांद्याची फोडणी कमी होते. दोघेही ‘सामान्य माणूस’. आर्थिक लोकवादाची सगळ्यात अवघड जागा हीच आहे आणि जाहीरनामे ती टाळतात.

७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने निर्यातबंदी आली तेव्हा बाजारात लाल कांदा होता. उन्हाळ कांदा चाळीत सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत राहतो, जरी वजनातली घट आणि सड मिळून चौथा हिस्सा किंवा अधिक जातो. लाल कांदा काही आठवड्यांपलीकडे टिकतच नाही. म्हणजे थांबण्याची सोय नव्हती. काढलेला माल ट्रॉलीत, लिलाव बंद, आणि चांदवडला रस्ता रोको. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य झाले.

मे २०२४ मध्ये नाशिक, दिंडोरी आणि जिल्ह्याचे तीन विधानसभा मतदारसंघ ज्यात येतात तो धुळे, असे तिन्ही लोकसभा मतदारसंघ महायुतीने गमावले. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांचा भास्कर भगरे यांनी पराभव केला. कांदा हे एकमेव कारण नव्हते, पण ते नाकारणारा कार्यकर्ता या भागात भेटणार नाही.

दुसऱ्या टोकाला केंद्राची राखीव साठ्यासाठीची खरेदी येते. ती नाफेड आणि एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी संस्था मुख्यतः नाशिक पट्ट्यातून करतात. शेतकरी संघटनांची जुनी तक्रार अशी की ही खरेदी बाजार समितीच्या लिलावात उतरून होत नाही, शेतकरी उत्पादक कंपन्यांमार्फत बाहेरच होते. त्यामुळे लिलावात एक गिऱ्हाईक वाढत नाही, आणि पुढे तोच साठा शहरात स्वस्तात सोडला की भाव मात्र पडतो. ग्राहक व उत्पादक दोघांनाही सांभाळायचे असेल, तर खरेदी लिलावात आणि विक्री ठरलेल्या भावपातळीच्या वरच, अशा दोन अटी आधीच जाहीर कराव्या लागतात.

अनुदानात काय अडते हे २०२३ च्या उदाहरणावरून कळते. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या लाल कांद्याला राज्याने क्विंटलला ३५० रुपये दिले, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ७०,००० रुपये. एकरी शंभर क्विंटलच्या आसपास उतारा धरला तर ही मर्यादा दोन एकरांत संपते. अर्जासोबत मूळ विक्रीपट्टी आणि पीकपेऱ्यात कांद्याची नोंद असलेला सातबारा लागे. ज्यांनी ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, केली नव्हती त्यांचा सातबारा कोरा होता. बापाच्या नावावर जमीन आणि मुलाच्या नावावर पट्टी, हा प्रकार तर घरोघरचा. मदत खरी होती. कागदाशी झगडणाऱ्याला ती उशिरा मिळाली.

चालत गेलेल्या मागण्या

६ मार्च २०१८ रोजी माकपप्रणीत किसान सभेचा लाँग मार्च नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून (सीबीएस) निघाला आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानात पोहोचला. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा मोर्चाने रात्रीतून पायी पार केला. त्या एका निर्णयाने शहरातली जेवढी माणसे या बाजूला आली तेवढी कुठल्याही भाषणाने आली नसती.

मुख्य मागणी वनहक्कांची होती. २००६ च्या कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली, कमाल ४ हेक्टरपर्यंतची वनजमीन आदिवासी कुटुंबाला मिळते. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जातो. तिथे जागेची पाहणी व मोजणी, मग ग्रामसभेचा ठराव, त्यानंतर उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हा समिती. पुरावे एकाहून अधिक लागतात. वनखात्याने अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाची जुनी पावती इथे कामाला येते, म्हणून सुरगाणा-पेठमधल्या घरांत अशा पावत्या जपून ठेवलेल्या असतात. कसतात एकरांत आणि मंजूर होतात गुंठे, ही सर्वांत मोठी तक्रार. जमीन मंजूर झाली तरी नाव सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात राहिले, तर पीककर्ज आणि पंपाची वीजजोडणी अडते.

मोर्चाने देशाचे लक्ष वेधले आणि सरकारने लेखी आश्वासन दिले. मात्र या भागातून सात वेळा आमदार झालेले माकपचे जे. पी. गावित २०१९ मध्ये कळवणमधून पडले आणि २०२४ मध्येही पडले. मागण्या चुकीच्या होत्या असा याचा अर्थ लावणे अन्यायाचे होईल. मतदार मागणीसाठी लाल झेंड्याखाली चालला आणि रस्ता, बंधारा, बदली या कामांसाठी सत्तेच्या जवळच्या माणसाकडे गेला.

हप्ता आणि हक्क

जून २०२४ च्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली : २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या महिलेला महिना १,५०० रुपये. अर्ज भरून घेण्याचे काम अंगणवाडी सेविकांकडे होते, अर्जामागे ५० रुपये. नोव्हेंबरमध्ये जिल्ह्यातील १५ पैकी १४ जागा महायुतीने जिंकल्या. मे महिन्यातला राग सहा महिन्यांत उलटा फिरला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर नियमित पैसे येणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट नव्हती, आणि तिला हिणवणाऱ्या टीकेने विरोधकांचे नुकसानच केले.

तरीही हप्त्याच्या राजकारणात दोन कच्चे दुवे आहेत. पहिला हिशेबाचा. लाखभर महिलांना १,५०० रुपये म्हणजे वर्षाला १८० कोटी. प्रचारात कबूल केलेले २,१०० धरले तर २५२ कोटी. नवे उत्पन्न न उभारता हा खर्च दुसऱ्या कामांवर भार टाकतो आणि मग पात्रतेची चाळणी बारीक होते. २०२५ मध्ये छाननी आणि ई-केवायसी आली ती अशीच. दुसरा दुवा असा की हप्ता सरकार देते. विरोधी पक्ष जास्त रकमेचे वचन देऊ शकतो, पण हातात पडलेल्या दीड हजारापुढे ऐकीव तीन हजार फिके पडतात, हे २०२४ मध्येच दिसले.

याउलट रोजगार हमी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सुरू झालेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पैसा कुठून, याचे उत्तर तिच्यातच होते : १९७५ चा व्यवसाय कर, आणि त्याच्या बरोबरीने राज्याचा वाटा. अंबडच्या कारखान्यातल्या कायम कामगाराच्या पगारपत्रकावर आजही महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, अशी वर्षाला २,५०० रुपयांची कपात दिसते. शहरी नोकरदार गावच्या मजुराच्या कामासाठी भर घालतो, हे इतक्या उघडपणे मांडणारा दुसरा कर आपल्याकडे नाही. सरकारे बदलली तरी ही हमी मोडली नाही, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याला तिचा आधार मिळाला.

कलम लिहिताना

म्हणून ज्या पक्षाला आर्थिक प्रश्न हा आपला कणा करायचा आहे त्याने तो जरूर करावा. नाशिकमध्ये दुसऱ्या कुठल्याही मुद्द्याने निफाडचा बागायतदार, सुरगाण्याचा आदिवासी आणि सातपूरचा कंत्राटी कामगार एका सभेत बसत नाहीत. मात्र जाहीरनाम्यातल्या प्रत्येक कलमाशेजारी पैशाचा स्रोत, पात्रतेची तारीख, कमाल मर्यादा, लागणारा कागद आणि नाकारल्यास दाद कुणाकडे, हे लिहिलेले असावे. कर्जमाफीत काय घडते पाहा : २०१७ ला मर्यादा कुटुंबाला दीड लाख, २०१९ ला दोन लाख, आणि दोन्ही वेळा वेळेवर फेडणाऱ्याला प्रोत्साहनाची रक्कम. पुढची माफी येणारच असे धरून सोसायटीचा सभासद हप्ता थांबवतो, वसुली घटते, आणि पुढल्या हंगामात त्याच सोसायटीकडे नवे पीककर्ज द्यायला पैसा नसतो. भूमिहीन शेतमजूर तर या यादीत कधीच नसतो.

कार्यकर्त्यांची तयारी याहून महत्त्वाची. तालुका कार्यालयात सातबारा वाचता येणारा एक माणूस, वनहक्क दाव्यांची गावनिहाय नोंदवही, बाजार समितीतल्या रोजच्या किमान-कमाल-सरासरी भावाची वही आणि रोजगार हमीवर कामाची मागणी केल्याची दिनांकित पोच जपणारी फाइल, एवढे जिथे आहे तिथे मोर्चा संपल्यावरही लोक येत राहतात. पोच नसेल तर बेकारी भत्ता मागताच येत नाही. ग्रामपंचायतीत तोंडी सांगितलेली मागणी नोंदली जात नाही, आणि पंधरा दिवसांची मोजणी सुरूच होत नाही.