समुद्रावरील ताणांची बेरीज : एका मोजणीची पार्श्वभूमी

बाल्टिक समुद्राच्या पूर्व भागात कॉड माशाची मादी अंडी सोडते तेव्हा ती पृष्ठभागाजवळ तरंगत राहत नाहीत. असंख्य नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे या समुद्राचा वरचा थर मचूळ आहे आणि कॉडचे अंडे तोलून धरायला पाण्यात हजारी सुमारे 11 भाग क्षार लागतात. महासागरात हे प्रमाण 35 च्या आसपास असते, बाल्टिकच्या मध्यभागी वरच्या थरात मात्र जेमतेम 7. म्हणून अंडी खाली उतरत जातात आणि पुरेसा खारटपणा मिळेल त्या खोलीवर थांबतात. नेमक्या त्याच खोलीवर आता प्राणवायू संपत आलेला असतो. शेतांतले खत आणि शहरांचे सांडपाणी यांवर वाढलेले शैवाल मरून तळाशी कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. प्राणवायू घेऊन येणारे ताजे खारे पाणी डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांतूनच येऊ शकते, तेही वादळवारे अनुकूल असतील तेव्हाच. पाणी तापू लागल्याने त्यात मुळातच कमी प्राणवायू विरघळतो आणि कुजण्याचा वेग वाढतो. एवढ्यातून जगून मोठे झालेले मासे अनेक दशके ट्रॉलरच्या जाळ्यांत जात राहिले. जुलै 2019 मध्ये युरोपीय आयोगाने पूर्व बाल्टिकमधील कॉडच्या मासेमारीवर तातडीची बंदी घातली.

या ऱ्हासाचा दोष मासेमारीला द्यायचा, शेतीला, की हवामानबदलाला? प्रत्येक खाते आपापला वाटा लहान असल्याचे दाखवू शकते, आणि तसे दाखवताना ते खोटे बोलत असतेच असे नाही. समुद्रावरील मानवी ताण एकत्र मोजले पाहिजेत हा विचार या पेचातूनच पुढे आला.

त्याची कायदेशीर मुळे अमेरिकेत आहेत. तिथे 1970 च्या पहिल्याच दिवशी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर स्वाक्षरी झाली आणि मोठ्या सरकारी निर्णयांपूर्वी पर्यावरणीय परिणामांची छाननी बंधनकारक ठरली. 1978 च्या नियमांनी संचित परिणामांची व्याख्या केली : एकेकटी पाहता किरकोळ वाटणारी, पण कालांतराने मिळून भारी पडणारी कृत्ये. 1982 मध्ये परिसंस्थाशास्त्रज्ञ विल्यम ओडम यांनी हे किनाऱ्यावरच्या उदाहरणाने स्पष्ट केले. कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील जवळपास निम्म्या दलदली 1950 ते 1970 या काळात नष्ट झाल्या होत्या, पण त्या नष्ट कराव्यात असा निर्णय कोणीही घेतलेला नव्हता. एकेक तुकडा भरण्याचे शेकडो छोटे निर्णय तेवढे झाले होते.

जमिनीवरचा हा धडा समुद्राला लागू करण्यात मोठी अडचण होती, कारण तळ दिसत नाही आणि हद्दी पाण्याला ठाऊक नसतात. 2008 मध्ये सागरी परिसंस्थांचे अभ्यासक बेंजामिन हाल्पर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. त्यांनी समुद्राचे एक चौरस किलोमीटरचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात 17 मानवी ताणांपैकी कोणते किती तीव्र आहेत आणि 20 परिसंस्थांपैकी कोणत्या आहेत, हे नोंदवले. मग अमुक परिसंस्थेला अमुक ताण किती सोसवतो याचे तज्ज्ञांनी दिलेले गुण त्या नोंदींना लावून सगळ्याची बेरीज केली. मानवी प्रभावापासून मुक्त असा एकही भाग उरला नव्हता आणि 41 टक्के समुद्र अनेक ताणांखाली चांगलाच दबलेला होता.

ही बेरीज सदोष आहे, आणि ते उघडपणे मान्य करणे मला आवश्यक वाटते. त्याच वर्षी 171 प्रयोगांचा आढावा घेण्यात आला. दोन ताणांचा परिणाम सरळ बेरजेइतका निघाल्याची उदाहरणे त्यात केवळ 26 टक्के होती. 36 टक्के ठिकाणी तो बेरजेपेक्षा जास्त होता, तर 38 टक्के ठिकाणी कमी. म्हणजे या नकाशातले आकडे थर्मामीटरच्या आकड्यांसारखे वाचता येत नाहीत. तरीही आधी कुठे लक्ष द्यायचे हे ठरवायला त्यांच्याइतके उपयोगी साधन पूर्वी हाती नव्हते.

व्यवस्थापनात ही पद्धत लवकर रुजली ती बाल्टिकमध्येच, कारण तिथे संस्था आधीपासून उभी होती. शीतयुद्धाच्या ऐन काळात, 1974 मध्ये, दोन्ही गटांतल्या सात किनारी देशांनी हेलसिंकी करारावर सह्या केल्या होत्या आणि प्रदूषणाचे सर्व स्रोत एकाच कराराखाली आणले होते. त्या कराराच्या आयोगाने, म्हणजे हेलकॉमने, 2007 मध्ये कृती आराखडा स्वीकारला आणि 2010 च्या आढाव्यात बाल्टिकसाठी स्वतंत्र ताण-निर्देशांक काढला. असे आढावे पुढे 2018 आणि 2023 मध्येही झाले. दरम्यान 2008 च्या युरोपीय सागरी निर्देशाने सदस्य देशांना ताणांचा एकत्रित विचार करणे भाग पाडले होते.

भारतात किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना 1991 मध्ये निघाली आणि पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची 1994 मध्ये. मूल्यांकनाच्या 2006 च्या सुधारित अधिसूचनेतील अर्जाच्या नमुन्यात, शेजारच्या चालू किंवा नियोजित प्रकल्पांमुळे परिणाम साचतील का, असा प्रश्न आहे. पण तो विचारला जातो एकेका प्रकल्पाच्या प्रवर्तकाला, आपापल्या अर्जापुरता. खाडीच्या एका तोंडाशी बंदर आणि आत वीजप्रकल्प असेल, वरून खाणीचा गाळ उतरत असेल आणि बाहेर मोठे घेरजाळे टाकणाऱ्या पर्ससीन नौका असतील, तर त्या खाडीची पूर्ण गोष्ट कोणत्याच एका फाइलमध्ये येत नाही.

कोकणाच्या बाबतीत हे नेमके बोट ठेवून सांगितले गेले ते ऑगस्ट 2011 मध्ये. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीच्या कक्षेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे किनाऱ्यासह होते. या पट्ट्यातील विकासकामांच्या संचित परिणामांचा अभ्यास तातडीने व्हावा, तो गोव्याच्या धारणक्षमतेच्या, म्हणजे तिथला निसर्ग किती भार सोसू शकेल याच्या, अभ्यासाला जोडून घ्यावा आणि शक्यतो गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखाली व्हावा, अशी शिफारस समितीने केली होती.