गाडी रात्री कुठे उभी असते?

पेट्रोलला पर्याय शोधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“पेट्रोल सोडायचंय, काय घेऊ?” हा प्रश्न आमच्या काउंटरवर रोज एकदा तरी येतो. आम्ही उलट विचारतो, “गाडी रात्री कुठे उभी असते? आणि दिवसाला किती चालते?” विचारणाऱ्याचा चेहरा थोडा पडतो, कारण त्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. तसं उत्तर आमच्याकडे नाही. पण या दोन गोष्टी कळल्या की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

आधी एक कबुली. गाड्या विकणं हा आमचा धंदा नाही, पण पेट्रोलच्या गाडीला गॅसवर चालवणारं गॅस किट आम्ही बसवतो. आमचा तेवढा कल गृहीत धरूनच पुढचं वाचा.

पेट्रोल इतकं टिकलं कसं

लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, आणि त्यात साधारण ९ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे वीजबिलावरचं तेच. ४० लिटरची टाकी भरली की ३० किलो वजनात साडेतीनशे युनिट घेऊन तुम्ही निघता. तेवढी वीज आजच्या बॅटरीत साठवायची तर बॅटरीच दोन टनांची होईल.

खोट पुढे आहे. पेट्रोल इंजिन या ऊर्जेतली पाव ते फार तर एक तृतीयांश चाकांपर्यंत पोचवतं, गर्दीत तर त्याहूनही कमी. उरलेली सायलेन्सर आणि रेडिएटरमधून हवा तापवण्यात जाते. शिवाय लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. इंधनाच्या तिप्पट वजन कुठून आलं, असं अनेक जण विचारतात. कार्बन पेट्रोलमधला, ऑक्सिजन हवेतला.

सीएनजी आणि एलपीजी

दोन्हींना सरसकट ‘गॅस’ म्हणतात, पण दोघांचे स्वभाव वेगळे. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, २०० बारच्या आसपास दाबाने सिलिंडरमध्ये कोंबलेला. टायरमधल्या हवेपेक्षा सुमारे नव्वदपट दाब. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. तो थोड्याशा दाबाखालीच द्रव होतो, म्हणून त्याची टाकी हलकी आणि लहान असते. मिथेन गळला तर वर निघून जातो. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये एलपीजीची गाडी लावण्याआधी तिथला नियम विचारून घ्या.

सीएनजीचं मायलेज सांगताना बहुतेकांची एक गफलत होते. “लिटरला १८ देणारी गाडी किलोला २५ देते!” देणारच. किलोभर सीएनजीत दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. किलो आणि लिटर यांची तुलना करू नका, एका किलोमीटरला किती पैसे लागले ते बघा. गॅस तिथेही बहुधा जिंकतो, फक्त आकडा ऐकताना वाटतो तितका मोठा फरक नसतो.

किंमत मोजावी लागते ती डिकीत. ६० लिटर पाणी मावेल एवढ्या सिलिंडरमध्ये गॅस जेमतेम ९-१० किलो बसतो, आणि सिलिंडर रिकामा असला तरी त्याचं वजन वाहावं लागतं. चढावर पिकअप कमी झालेला जाणवतो. वायुरूप इंधन इंजिनात शिरणाऱ्या हवेची जागा खातं, हे त्यामागचं मुख्य कारण. जुन्या इंजिनाला किट बसवलं तर व्हॉल्व्ह सीट (इंजिनातल्या झडपा जिथे टेकतात त्या बैठका) लवकर झिजू शकतात, म्हणून टॅपेट, म्हणजे झडपांमधली फट, वेळेवर तपासावे लागतात.

किट बसवून नेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तीन गोष्टी सांगतो, आणि निम्मे जण विसरतात. गाडी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जाते, तो बिघाड नव्हे. दाब उतरताना गॅस प्रचंड थंड होतो आणि दाब उतरवणाऱ्या रिड्युसरला इंजिनात फिरणाऱ्या कूलंटची ऊब लागते, म्हणून इंजिन तापेपर्यंत वाट बघितली जाते. दुसरं, पेट्रोलची टाकी पूर्ण कोरडी ठेवू नका आणि आठवड्यातून एकदा थोडं अंतर पेट्रोलवर चालवा, नाहीतर पंप आणि इंजेक्टर दोन्ही रुसतात. तिसरं, सिलिंडरची दाबचाचणी. तारीख सिलिंडरवर कोरलेली असते. ती उलटून गेल्यावर “अजून चालतोय की” हा युक्तिवाद २०० बारपुढे करू नये.

धूर कमी, काजळी जवळपास नाही, हे खरं. पण न जळता सुटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त उष्णता अडवतो. बारीकशी गळतीसुद्धा म्हणून आम्ही सोडून देत नाही.

इथेनॉल

हा पर्याय तुम्ही निवडो न निवडो, तो तुमच्या टाकीत आलेलाही असेल, कारण अनेक देशांत पेट्रोलमध्येच तो मिसळतात. ब्राझीलने १९७५ मध्ये उसाच्या इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि २००३ पासून तिथे कुठल्याही प्रमाणातलं मिश्रण चालणाऱ्या फ्लेक्स फ्युएल गाड्या विकल्या जाऊ लागल्या.

इथेनॉलचा ऑक्टेन आकडा (इंजिनात अवेळी न पेटण्याची ताकद) पेट्रोलपेक्षा चढा, पण लिटरमागे ऊर्जा एक तृतीयांशाने कमी. २० टक्के मिश्रणात हिशेबाने सहा-सात टक्के ऊर्जा घटते. मायलेज तेवढं उतरलं तर गाडीत दोष शोधत बसू नका. त्याहून खूप जास्त उतरलं तर जरूर दाखवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांमधले काही रबरी पाइप आणि सील त्याला टिकत नाहीत. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला हे विशेष भोवतं. इंधन झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तिकेत कितीपर्यंतचं मिश्रण चालेल ते लिहिलेलं असतं, तेवढंच भरा.

विजेवरची गाडी

ही नवी कल्पना नाही. ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तो १८९९ मध्ये, विजेवरच्या गाडीने. मग पेट्रोल पुढे गेलं ते मघाशी सांगितलेल्या वजनाच्या गणितामुळे. ते गणित अजून पूर्ण सुटलेलं नाही, पण मोटर बॅटरीतली ८० टक्क्यांहून जास्त ऊर्जा चाकांना देते, त्यामुळे साठाच कमी लागतो.

इथे आमचा रात्रीचा प्रश्न कामाला येतो. छोटी इलेक्ट्रिक कार शंभर किलोमीटरला साधारण १५ युनिट खाते. रोजचं ४० किलोमीटर म्हणजे ६ युनिट. गाडी स्वतःच्या सॉकेटशेजारी उभी राहत असेल, तर जेवून झोपेपर्यंत एवढं भरून होतं. वायरिंग आणि अर्थिंग मात्र तपासून घ्या, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. गाडी रस्त्यावर लागत असेल आणि प्रत्येक वेळी सार्वजनिक चार्जर शोधावा लागत असेल, तर त्याच गाडीला तुम्ही सहा महिन्यांत कंटाळाल. फास्ट चार्जिंगचं युनिट घरच्यापेक्षा बहुतेक ठिकाणी महाग असतं, आणि ८० टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग मुद्दाम कमी केला जातो. कंपनीने सांगितलेली रेंज, म्हणजे एका चार्जमधलं अंतर, थंडीत आणि सलग वेगात बरीच उतरते. प्रवास ठरवताना तिचा तीन चतुर्थांश भागच धरा.

बॅटरी कुठली, हेही विचारा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची बॅटरी जड, पण चार्जिंगच्या फेऱ्या जास्त सोसते. एनएमसी (निकेल, मँगनीज, कोबाल्टची) तेवढ्याच वजनात जास्त साठवते. ती रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरलेली बरी. बॅटरी बनवताना कारखान्यात बराच कार्बन सुटतो, आणि ते देणं किती लवकर फिटेल हे तुमच्याकडची वीज कशापासून बनते यावर ठरतं.

“इलेक्ट्रिकला सर्व्हिसिंगच नाही” यावर विश्वास ठेवू नका. ऑइल, प्लग, टायमिंग बेल्ट गेले हे खरं, आणि मोटरच वेग कमी करत असल्याने ब्रेक पॅडही खूप टिकतात. पण वजनामुळे टायर लवकर झिजतात, ब्रेक ऑइल आणि कूलंट आहेतच, आणि बोनेटखाली बहुधा तीच जुनी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

मधला मार्ग

पार्किंगमध्ये सॉकेट नाही आणि रोजची गर्दीतली धाव आहे, अशा ग्राहकाला आम्ही साधी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला मोटर आणि छोटी बॅटरी असलेली, प्लग न लावायची गाडी सुचवतो. १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटा प्रियस आली तेव्हापासून हे तंत्र चांगलं मुरलं आहे. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत परत घेते, म्हणून तिचं मायलेज गर्दीतच खुलतं; मोकळ्या महामार्गावर तिचा फायदा आटतो. प्लग लावायची हायब्रिड घ्यायची तर रोज प्लग लावायची शिस्त हवी. नाहीतर बॅटरीचं ओझं वाहत पेट्रोल जाळणंच होतं.

हायड्रोजनबद्दल उत्सुकता असते, पण रोजच्या कारसाठी आम्ही तो सध्या सुचवत नाही. ७०० बारची टाकी लागते, पंप विरळ, आणि पाण्यापासून किलोभर हायड्रोजन काढायला ५० युनिटांहून जास्त वीज जाते. तीच वीज थेट बॅटरीत घातली तर गाडी दुपटीहून जास्त लांब जाते.

हिशेब कसा मांडायचा

नव्या गाडीसाठी किंवा किटसाठी जो जादा पैसा जाणार आहे, त्याला किलोमीटरमागे होणाऱ्या बचतीने भागा. येणारं उत्तर म्हणजे पैसे वसूल व्हायला लागणारे किलोमीटर. त्याला तुमच्या वर्षाच्या रनिंगने भागलं की वर्षं मिळतात. गाडी तेवढी वर्षं ठेवणार नसाल, तर आहे तीच नीट सर्व्हिसिंग करून चालवा. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच चालवणाऱ्या अनेकांना आम्ही किट न बसवताच परत पाठवलं आहे.

सल्ल्यासाठी येताना गेल्या तीन महिन्यांतली ओडोमीटरची रीडिंग, इंधनाच्या पावत्या आणि गाडीचं कागदपत्र आणा. गाडी जिथे उभी राहते त्या जागेचा आणि जवळच्या विजेच्या बोर्डाचा मोबाइलवर एक फोटोही काढून आणा. फोटो आणलात तर आमची पहिली दहा मिनिटं वाचतात.