जुने रिबन स्पीकर आणि त्यांना साजेसे ॲम्प्लिफायर

चुंबकांच्या दोन ध्रुवांमधील फटीत धातूची अत्यंत पातळ पट्टी ताणून बसवलेली असते आणि तीच विद्युत् प्रवाह वाहून नेत हवेला कंप देते, अशा ध्वनिवर्धकाला रिबन स्पीकर म्हणतात. नेहमीच्या स्पीकरमध्ये तारेचे वेटोळे हलते व त्याला चिकटवलेला शंकू हवा ढकलतो. रिबनमध्ये मात्र प्रवाह पट्टीतूनच जात असल्याने बल तिच्या जवळजवळ सर्व लांबीवर सारखे पडते. पट्टी अगदी हलकी असल्यामुळे झांज किंवा छेडलेली तार यांसारख्या ध्वनींचा पहिला आघात ती ठळकपणे उमटवते.

या तत्त्वावर वाल्टर शॉट्की व एर्विन गेर्लाख यांनी १९२० च्या दशकात जर्मनीत काम केले. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाड या कंपनीने १९४९ च्या सुमारास कोपऱ्यात ठेवायचा कॉर्नर रिबन स्पीकर काढला. आज ‘जुने रिबन’ म्हटले की संग्राहकांच्या डोळ्यांसमोर बहुधा १९८० च्या दशकातील अमेरिकन ॲपोजी कंपनीचे सिंटिला, डुएटा, कॅलिपर व दिवा हे उंच पट्टे येतात. मॅग्नेपॅनची पॅनेलेही याच घराण्यात मोजली जातात. पण त्यांतील बहुतेक भाग पातळ प्लॅस्टिक पडद्यावर चिकटवलेल्या तारांचा किंवा फॉइलचा असून खरा रिबन काही मॉडेलांत केवळ उच्च स्वरांपुरता असतो.

ॲम्प्लिफायरचा प्रश्न पट्टीच्या रोधापासूनच सुरू होतो. ॲल्युमिनियमच्या रुंद, आखूड पट्टीचा रोध ओहमच्या काही शतांशांइतका असू शकतो आणि असा भार थेट जोडणे म्हणजे जवळपास शॉर्ट सर्किटच. म्हणून अनेक रचनांत मध्ये ट्रान्सफॉर्मर घालतात. त्याच्या वेटोळ्यांचे प्रमाण २० ला १ असेल, तर इम्पीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध, ओहममध्ये) ४०० पटींनी बदलतो आणि ०.०२ ओहमची पट्टी ॲम्प्लिफायरला ८ ओहमची भासते. उंच रिबनची लांबी मुळातच अधिक असल्याने तिचा रोधही अधिक असतो. शिवाय पडद्यावरून वाहक अनेक वेळा फिरवला की ट्रान्सफॉर्मरविनाही काम भागते. सिंटिलाचा १ ओहमचा इम्पीडन्स हे या मार्गाचे टोकाचे उदाहरण होय.

अशा स्पीकरसाठी कागदावरचे वॅट पाहून निवड करणे फसवे ठरते. ॲम्प्लिफायरने २० व्होल्ट दिले, तर ८ ओहममध्ये अडीच ॲम्पिअर प्रवाह व ५० वॅट शक्ती लागते. तोच विद्युत् दाब १ ओहमवर टिकवायचा तर २० ॲम्पिअर व ४०० वॅट लागतात. इम्पीडन्स निम्मा झाल्यावर शक्ती जवळपास दुप्पट करू शकणारा, भक्कम वीजपुरवठ्याचा व मोठ्या उष्णताशोषकांचा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर येथे खरा उपयोगी पडतो. क्रेल या कंपनीचे अवजड ॲम्प्लिफायर ॲपोजीबरोबर जोडले गेले ते याचमुळे. भार मुख्यतः रोधात्मक असतो, ही त्यातली जमेची बाजू. स्थिरविद्युत् स्पीकरप्रमाणे तो धारित्राचा नसल्याने अस्थिरतेची भीती कमी असते. केबलही जाड व आखूड लागते, कारण १ ओहमच्या भारासमोर ०.१ ओहमची केबल सुमारे नऊ टक्के शक्ती स्वतःच खाते.

ट्रान्सफॉर्मर असलेल्या रिबनला आणखी एक धोका आहे. स्थिर (डीसी) प्रवाहाच्या दृष्टीने ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे म्हणजे निव्वळ कमी रोधाची तार. त्यामुळे जुन्या ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर स्थिर दाब गळत असेल, तर ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा संपृक्त होऊन (त्याची चुंबकीय क्षमता संपून) आवाज बिघडतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टरही तापतात. जोडणीपूर्वी मल्टीमीटरने हा दाब मोजून घेणे म्हणूनच आवश्यक असते.

जुना नग घेताना मल्टीमीटरने पट्टीची अखंडता तपासता येते, पण तेवढ्यावर थांबू नये. चिकटवलेले फॉइल सुटले किंवा कडेचा फोम भुगा झाला, तर ठरावीक मंद्र स्वराला खरखर येते. हळूहळू बदलणारा शुद्ध स्वर वाजवून ती पकडता येते. सैल पट्टी ध्रुवांना घासते, आणि लोखंडाचा बारीक कीस फटीत ओढला गेला की तो काढणे जिकिरीचे होते. उघड्या पट्टीवर फुंकर मारून धूळ उडवणे हा मात्र ती फाडण्याचा सोपा उपाय आहे. पट्टीच्या पुढच्या व मागच्या बाजूंनी विरुद्ध कलेतला (फेजमधला) ध्वनी बाहेर पडतो, म्हणून मागच्या भिंतीपासून पुरेसे अंतर ठेवावे लागते. अगदी जवळ ठेवल्यास मागून परतणारा ध्वनी पुढच्या ध्वनीत मिसळून स्वरांचा तोल बिघडवतो.

व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर पूर्णपणे वर्ज्य नाहीत. ४ ओहमच्या भारासाठी दिलेल्या जोडणीवर (टॅपवर) ते ट्रान्सफॉर्मर असलेल्या उच्चस्वरी रिबनला सहज चालवतात, तर खालच्या स्वरांच्या पडद्यासाठी स्वतंत्र ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर लावता येतो. स्पीकरमध्ये दोन्ही विभागांची टर्मिनले वेगळी हवीत आणि दोन्ही ॲम्प्लिफायरांचा गेन (संकेत वाढवण्याचे प्रमाण) जुळवून घ्यावा लागतो.