मिडी म्हणजे आवाज नव्हे: स्वस्त साउंड कार्ड घेण्याआधी

काकड आरतीच्या दिवसांत आमच्या भजनी मंडळातला एक पोरगा कॅसिओ घेऊन घरी आला. आमच्याकडे की-बोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, त्याला कॅसिओच म्हणतात. त्यानं यूएसबीची वायर लॅपटॉपला लावली, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं आणि पट्ट्या दाबायला सुरुवात केली. पडद्यावर एकेका सुराचा ठोकळा उमटत होता, स्पीकर मात्र गप्प. "काकाजी, आवाजच नाही येऊन राह्यला. कार्ड खराब निंगालं वाट्टे." आदल्याच दिवशी अमरावतीहून आणलेलं, दोन-तीनशे रुपयांचं, पेन ड्राइव्हएवढं साउंड कार्ड, म्हणजे संगणकात आवाज आत घेणारं आणि बाहेर काढणारं यंत्र, होतं ते. कार्ड ठणठणीत होतं. त्या वायरमधून आवाज येतच नव्हता, त्यातून मिडी, म्हणजे कोणता सूर वाजवायचा याची नुसती सूचना, येत होती.

ऑडिओ आणि मिडी यांतला हा घोळ मी इतक्यांदा पाहिला आहे की त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं. एकदा फरक कळला की पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हेही कळतं.

मंडळाच्या पेटीवाल्याकडे एक वही असते. कोणत्या भजनाला कोणते सूर, कुठे किती मात्रा थांबायचं, ते तिच्यात लिहिलेलं असतं. वही कानाला लावली तर काही ऐकू येत नाही. कुणीतरी ती पेटीवर ठेवून वाजवावी लागते आणि जशी पेटी तसा आवाज. मिडी म्हणजे ही वही. ऑडिओ म्हणजे त्या रात्री देवळात प्रत्यक्ष जे वाजलं त्याची टेप, त्यात मागे कुणी खोकलं तर तेसुद्धा.

आकड्यांत सांगायचं तर सीडीच्या दर्जाच्या ऑडिओत संगणक सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची पातळी मोजून ठेवतो, डाव्या-उजव्या बाजूची वेगळी. पाच मिनिटांच्या भजनाला ५० एमबीच्या वर जागा लागते. मिडीत एक पट्टी दाबली की फक्त तीन बाइट जातात: कोणत्या चॅनलवर (म्हणजे कोणत्या वाद्याकडे), कोणती पट्टी, किती जोरात. पट्ट्यांना ० ते १२७ आकडे आहेत. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१. जोरही ० ते १२७ मध्येच मोजतात. तेच पाच मिनिटांचं भजन मिडीत बहुधा काही केबीत मावतं.

म्हणूनच मिडीत दुरुस्ती सोपी. काळी दोनमधलं भजन गाणाऱ्याला काळी एकमध्ये हवं असेल, तर प्रत्येक आकड्यातून २ वजा करायचे, झालं. लय वाढवा, चुकलेला एक सूर उचलून जागेवर ठेवा, आवाजाला ओरखडा येत नाही. ऑडिओत सूर खाली ओढला की गळा जाड व्हायला लागतो. एका गृहस्थानं की-बोर्डच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कार्डच्या गुलाबी माइक-जॅकमध्ये घातली, अख्खं भजन रेकॉर्ड केलं आणि मग विचारलं की तिसऱ्या ओळीतला चुकलेला गंधार कसा बदलायचा. तो ऑडिओ होता. ती ओळ पुन्हा वाजवणंच सोपं होतं. शिवाय आवाज फाटला होता, कारण माइकच्या जॅकला काही मिलिव्होल्टची अपेक्षा असते आणि की-बोर्डमधून त्याच्या कितीतरी पट जोराचा सिग्नल येतो. त्यासाठी निळा लाइन-इन जॅक लागतो. छोट्या यूएसबी कार्डांवर तो बहुतेक नसतोच.

हा घोळ लोकांच्या डोक्यात आला कुठून, याचं कारण जुन्या कार्डांत आहे. मिडी १९८३ सालची. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून ती ठरवली गेली, आणि त्या वर्षी सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचा एक सिंथेसायझर (विजेवर सूर तयार करणारं वाद्य) रोलँड कंपनीच्या सिंथेसायझरला जोडून दाखवला गेला. पुढे १९८९ साली क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड आलं. त्या घराण्याच्या कार्डांवर मागे माइकचा जॅक, स्पीकरचा जॅक आणि जॉयस्टिकचं १५ पिनांचं पोर्ट असे शेजारी शेजारी असत. त्याच पोर्टाला खास वायर लावली की मिडी चाले. वर कार्डाच्या पोटातच सूर तयार करणारी चिप. मिडीची फाइल वाजवली की आवाज ती चिप काढायची, म्हणून एकच फाइल एका घरी बाजासारखी तर दुसऱ्या घरी भोंग्यासारखी वाजायची. साउंड कार्ड म्हणजेच मिडी, हा समज तिथला.

आजच्या स्वस्त यूएसबी कार्डात अशी चिप नसते. मिडीला आवाज देण्याचं काम सॉफ्टवेअर करतं. विंडोजमध्ये एक साधं सिंथ आधीपासून असतं, आणि फ्लुइडसिंथसारखं फुकटचं सॉफ्टवेअर साउंडफाँट, म्हणजे वाद्यांच्या आवाजांची फाइल, घालून त्याहून चांगलं वाजतं. त्या पोराच्या लॅपटॉपवर एवढंच राहिलं होतं: ट्रॅकला वाद्य नेमून दिलं आणि ठोकळे वाजू लागले. म्हणजे नुसती मिडी करायची असेल तर महाग कार्डावर एक रुपयाही जास्त घालू नका. यूएसबीचा की-बोर्ड थेट संगणकात जातो. जुन्या पाच पिनांच्या की-बोर्डला यूएसबी-मिडीची वायर लागते. तिचं आउट की-बोर्डच्या इनमध्ये घालायचं, उलट घातली की काही होत नाही.

पट्टी दाबली आणि सूर उशिरा आला की सगळे मिडीला दोष देतात. पाच पिनांच्या वायरवर सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे एका सुराची खबर साधारण एका मिलिसेकंदात पोहोचते. उशीर होतो तो ऑडिओकडे, आवाज बाहेर काढताना. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, आधी थोडा आवाज साठवतो, मग सोडतो. साठा १,०२४ नमुन्यांचा (वर सांगितलेली एकेक मोजणी म्हणजे एक नमुना) असेल तर तिथेच २३ मिलिसेकंद गेले, आणि विंडोजचा साधा ड्रायव्हर त्याहून जास्त वेळ खातो. एसिओफॉरऑल हा फुकटचा ड्रायव्हर घालून साठा २५६ वर आणला की त्या टप्प्यावर सहाच मिलिसेकंद लागतात. वाजवणाऱ्याच्या हाताला हा फरक लगेच कळतो. साठा फार कमी केला तर आवाज तडतडतो, तेव्हा एक पायरी वर यायचं.

पैसे घालायचे ते गळ्यासाठी. छोट्या कार्डाचा माइक-जॅक कामचलाऊ असतो, आणि स्टुडिओच्या कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट त्यातून मिळत नाहीत. भजन रेकॉर्ड करायचं असेल तर थोडं थांबून, पैसे जमवून ४८ व्होल्ट देणारा साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणारी डबी, घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. गावात आणखी एक त्रास असतो: घराला धड अर्थिंग नसतं आणि रेकॉर्डिंगखाली सतत घूं असा आवाज येतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घूं थांबली तर कार्ड निर्दोष आहे, वायरमनला बोलवा.

गुरुकुंज मोझरी आमच्यापासून लांब नाही. तुकडोजी महाराजांची भजनं इथे खंजेरीवरच म्हटली जातात, आणि खंजेरी मिडीत बसत नाही. मिडीच्या ठरलेल्या १२८ वाद्यांत सतार आहे, सनई आहे. तालवाद्यांत ५४ आकड्यावर टँबरीन आहे, पण त्यात नुसत्या झांजा वाजतात. चामड्यावर बोट दाबून काढलेला तो घुमारा त्यात नाही. त्या पोराचं भजन आम्ही शेवटी असं केलं: पेटी मिडीत वाजवली, कारण त्याचे दोन सूर चुकले होते आणि पट्टीही एकदा बदलावी लागली. रात्री अकरानंतर, गल्ली शांत झाल्यावर, खंजेरी आणि गळा माइकसमोर घेतला, लॅपटॉप बॅटरीवर ठेवून.