रेणूच्या कॉलरवरची खूण

शर्टाची कॉलर उलटवली की आतल्या बाजूला काळ्या शाईची खूण दिसायची. दोन रेघा, एक टिंब, शेजारी आकडा. आमच्या परळच्या चाळीतले सगळे कपडे एकाच धोब्याकडे जात, एकाच हौदात पडत, आणि तरी ज्याचा शर्ट त्याच्याच दारात परत येई. (एकदा लेंग्याची गडबड झाली होती, ती नंतर सांगतो.) साबण, सोडा, आपटणं या सगळ्यातून टिकून राहणं एवढंच त्या खुणेचं काम.

औषधशोधाच्या जगात हल्ली ‘डेल’ हा शब्द बराच ऐकू येतो. डेल म्हणजे डीएनए-एनकोडेड लायब्ररी: कोट्यवधी वेगवेगळे रेणू एकाच नळीत, आणि प्रत्येकाला ओळखीसाठी स्वतःची डीएनएची शेपटी. मुंबईत कुठल्याही सांकेतिक खुणेचा विषय निघाला की डबेवाले आठवतात, पण डबा वाटेत कोणी धूत नाही. इथे सगळा खेळ धुण्याचाच आहे, म्हणून मला धोबीच जवळचा वाटतो.

आधी खूण नसली की काय होतं ते पाहू. त्यासाठी मुलुंडला जायला हवं. 1963 मध्ये गोरेगावात सीबा कंपनीचं संशोधन केंद्र सुरू झालं, उद्घाटनाला नेहरू आले होते. त्यानंतर 1972 मध्ये मुलुंडला होक्स्ट या जर्मन औषध कंपनीचं केंद्र उघडलं. तिथे देशभरातल्या वनस्पतींचे अर्क तपासले जात. त्यात एक होतं कोलियस फोर्सकोलाय, म्हणजे गुजराती घरांत ज्याच्या मुळांचं लोणचं घालतात ते गरमर. अर्काने रक्तदाब उतरतो हे दिसलं, पण अर्क म्हणजे शेकडो रेणूंचं गाठोडं. त्यातला नेमका कोणता रेणू काम करतो ते कुठे लिहिलेलं नसतं. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पुन्हा तपासायचा, जो चालेल त्याचे आणखी भाग पाडायचे. असं करत करत फोर्सकोलिन हाती आलं आणि त्याची रचना 1977 मध्ये प्रसिद्ध झाली. पेशीतलं अ‍ॅडेनिलेट सायक्लेज हे एन्झाइम ते थेट चालू करतं हे कळल्यावर जगभरच्या प्रयोगशाळांत ते रोजच्या वापरातलं रसायन झालं. मुंबईच्या औषध-रसायनशास्त्राची मला सगळ्यात अभिमानाची वाटणारी ही गोष्ट. पण त्या कामातला बहुतेक वेळ मिश्रणातलं नाव शोधण्यात जाई, हेही खरं.

मोठ्या कंपन्यांनी यावर उपाय काढला तो ‘एका खळग्यात एक रेणू’ हा. 384 किंवा 1536 खळग्यांच्या प्लेटा, त्या हलवायला रोबो, आणि दहा-वीस लाख संयुगांचा साठा. प्रत्येक रेणूचा पत्ता म्हणजे त्याचा खळगा. पद्धत चोख, पण एवढा साठा उभा करायला पिढ्या लागतात आणि तो सांभाळायला गोदाम. लहान संस्थेला हे परवडत नाही.

रेणू ढिगाने बनवायची सोय मात्र वेगळ्याच वाटेने आली. 1963 मध्ये अमेरिकेत ब्रूस मेरीफील्ड यांनी प्लास्टिकच्या बारीक मण्यांवर पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, वाढवायची रीत दाखवली; 1984 चं नोबेल त्यासाठीच. पुढचं पाऊल बुडापेस्टच्या आर्पाद फुर्का यांचं. मण्यांचे वीस वाटे करा, प्रत्येक वाट्याला एक वेगळं अमिनो आम्ल जोडा, सगळे मणी एकत्र कालवा, पुन्हा वीस वाटे करा. असं पाच वेळा. अभिक्रिया होतात फक्त 100, पेप्टाइडं तयार होतात 32 लाख. फुर्कांनी ही कल्पना 1982 मध्ये लिहून नोटरीकडून साक्षांकित करून घेतली. पेटंट नाही, शोधनिबंध नाही, नोटरीचा शिक्का! कोर्टाच्या आवारातल्या नोटरीकडे रांग लावलेल्या कुठल्याही मुंबईकराला हा गृहस्थ आपलासा वाटेल.

पण कालवलं की पुन्हा गाठोडं. आजाराशी संबंधित प्रथिनाला 32 लाखांतलं कोणतं पेप्टाइड चिकटलं, हे ओळखायचं कसं? म्हणजे मुलुंडचाच प्रश्न, फक्त आता माणसाने स्वतः तयार केलेला.

उत्तर 1992 मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेतल्या सिडनी ब्रेनर आणि रिचर्ड लर्नर यांनी दिलं, तेही आधी कागदावर. ब्रेनर हे जनुकीय संकेताच्या कामातले जुने गडी. तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत जनुक वाचला जातो हे 1961 मध्ये दाखवणाऱ्यांत ते होते. त्यांचं म्हणणं असं: रसायनाचा एक तुकडा जोडला की त्याच मण्यावर डीएनएचाही एक ठरलेला तुकडा जोडा. शेवटी डीएनए वाचलं की रेणू कोणत्या क्रमाने बनला ते कळेल. डीएनएच का? एक तर अक्षरं चारच असली तरी दहा अक्षरांत दहा लाखांहून जास्त वेगळ्या खुणा बसतात. दुसरं म्हणजे पीसीआर. खुणेच्या मोजक्या प्रती उरल्या तरी त्यांच्या कोट्यवधी नकला काढून वाचता येतात. शाईच्या खुणेला हे जमत नाही.

1993 मध्ये अ‍ॅफिमॅक्स कंपनीच्या लोकांनी हे करून दाखवलं. सात अमिनो आम्लं, सात पायऱ्या, 8,23,543 पेप्टाइडं. आणि मग बराच काळ फारसं काही घडलं नाही.

त्या दशकात रेणू ढिगाने बनवण्याची लाट आली होती आणि तिच्याबद्दलच्या अपेक्षा फुगल्या होत्या. हाती फार थोडं लागलं. त्या थोड्यात सोराफेनिब हे कर्करोगाचं औषध येतं, आणि त्याची पुढची गोष्ट आपल्या दारातली आहे: मार्च 2012 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून देशातला पहिला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणारा) निघाला तो याच औषधासाठी. महिन्याचा खर्च सुमारे 2 लाख 80 हजारांवरून 8,880 रुपयांवर आला. विषय वेगळा आहे, पण मुंबईत बसून सोराफेनिबचं नाव घ्यायचं आणि हे सांगायचं नाही, हे मला जमत नाही.

डीएनएच्या खुणेला खरा अडसर वाचनाचा होता. खुणा लाखो, आणि वाचायची सोय एकेक करून. 2004 च्या सुमारास हार्वर्डचे डेव्हिड लिऊ, स्टॅनफर्डचे पेर हार्बरी आणि झुरिकचे दारिओ नेरी यांनी आपापल्या वेगळ्या रीतींनी या कल्पनेत पुन्हा जीव आणला. नंतर लाखो तुकडे एकाच वेळी वाचणारी सिक्वेन्सिंग यंत्रं आली आणि कोंडी फुटली. 2009 मध्ये जीएसके या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी 70 लाख आणि 80 कोटी रेणूंच्या लायब्रऱ्यांतून दोन कायनेज प्रथिनांना (पेशीतले निरोप पुढे नेणाऱ्या एन्झाइमांना) रोखणारे रेणू काढून दाखवले. यातला मण्यांचा टेकू आता गेला होता. रेणू आणि त्याची शेपटी थेट पाण्यात.

प्रत्यक्षात हे काम पाहायला फारसं काही नसतं. झाकण टिचकीने बंद होणारी बोटाच्या पेराएवढी नळी, तळाशी दोन-तीन थेंब पाणी. त्या थेंबांत अख्खी लायब्ररी, प्रत्येक रेणूच्या काही लाख प्रतींसह. त्यात आजाराशी संबंधित प्रथिन चिकटवलेले तपकिरी चुंबकीय मणी सोडतात. तासभराने नळीच्या बाजूला चुंबक लावला की मणी भिंतीशी जमतात आणि पाणी नितळ होतं. ते पाणी उपसून टाकायचं, नवं घालायचं, हलवायचं, पुन्हा उपसायचं. जे सैल धरून होते ते वाहून जातात. उरलेले गरम करून सोडवायचे, ताज्या प्रथिनावर पुन्हा तीच धुलाई, आणि शेवटी खुणा वाचायच्या. 1000 घटकांच्या तीन पायऱ्या म्हणजे 3000 अभिक्रिया, रेणू 100 कोटी. मिश्रण तेच, पण आता प्रत्येकाला नाव आहे.

या वाटेने निघालेले काही रेणू माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेले. जीएसकेचा आरआयपीके-1 या प्रथिनाला रोखणारा रेणू त्यातलाच. संधिवात आणि आतड्याच्या दाहावर मात्र त्याने अपेक्षेइतका गुण दाखवला नाही. चांगला चिकटणारा रेणू मिळणं आणि चांगलं औषध मिळणं यांत एवढं अंतर राहतंच.

तंत्राच्या स्वतःच्याही अडचणी आहेत. सगळं रसायन पाण्यात आणि डीएनएला न दुखावता करावं लागतं; तीव्र आम्ल आलं की खूणच खराब होते. तीन-चार तुकडे जोडल्याने रेणू जड होतात. पेशीच्या पटलात रुतलेली प्रथिनं मण्यावर बसवणं कठीण.

आणि मग लेंगा. एका शनिवारी माझ्या गठ्ठ्यात एक लेंगा आला. नाडीपाशी खूण आमचीच, लेंगा शेजारच्या काकांचा. धोब्याने खूण बरोबर वाचली होती, घालतानाच चुकीच्या कपड्यावर घातली होती. डेलमध्येही असंच होतं. एखादी अभिक्रिया अर्धवट राहिली तरी डीएनएचा तुकडा जोडला जातोच. शेपटी एक सांगते, टोकाला रेणू निराळाच असतो. म्हणून यंत्राने यादी दिली की रसायनतज्ज्ञ तो रेणू शेपटीशिवाय नव्याने बनवतो, चार-पाच मिलिग्रॅम, आणि त्याच प्रथिनावर पुन्हा तपासतो. यादीतली बरीच नावं तिथेच गळतात.