आयपीव्ही-६ ची फाईल इतकी जुनी कशी?

आमच्या संस्थेत (बडोद्यातलीच आहे, नाव जाऊ दे) सध्या आयपीव्ही-६ वर (इंटरनेटवर प्रत्येक मशीनला पत्ता द्यायची पुढची पद्धत) जायचं प्लॅनिंग चाललंय आणि मीटिंगमध्ये एकाने विचारलं की हे नवीन काय आता? नवीन कसलं, १९९५ च्या डिसेंबरात पहिलं स्टँडर्ड आलं त्याचं!

आत्ताचं जुनं आयपीव्ही-४ हे १९८१ चं. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून ४२९ कोटी पत्ते, तेव्हा कोणाला वाटलं होतं कमी पडतील म्हणून. १ जानेवारी १९८३ ला अख्खं अर्पानेट (इंटरनेटच्या आधीचं अमेरिकेतलं जाळं) एका तारखेला टीसीपी-आयपीवर, म्हणजे याच आयपीव्ही-४ च्या पद्धतीवर आलं, पण तेव्हा मशीनच काहीशे होती, आता असं एका रात्रीत करायला गेलो तर दुसऱ्या दिवशी पगाराची बिलंसुद्धा निघायची नाहीत. (मधलं ५ कुठे गेलं? तो नंबर एका प्रयोगातल्या स्ट्रीम प्रोटोकॉलने आधीच घेतलेला.)

मग इतकी वर्षं ढकललं कसं? माझ्या मते सगळा दोष नॅटचा (एकाच पत्त्यामागे अनेक मशीन चालवायची युक्ती), १९९४ ला आलं ते. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यासारखं, घर नंबर एक आणि आत बिऱ्हाडं सात, पोस्टमन सगळी पत्रं दारात मालकाकडे देणार आणि तो आत वाटणार. भागतंय ना, मग कशाला खर्च करा! बरं, नव्यात पत्ता १२८ बिटांचा, ३४ वर ३७ शून्यं इतके पत्ते, पण जुनं मशीन आणि नवं मशीन थेट एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी चालवावं लागतं, ड्युअल स्टॅक म्हणतात ते, आणि तोवर डोकेदुखी डबल.

फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले जुन्या पत्त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे वाटून संपले, एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिकचा साठाही तळाला गेला. दिल्लीच्या दूरसंचार विभागाने त्याच्या आधीच, जुलै २०१० मध्ये रोडमॅप काढला होता, सरकारी खात्यांनी मार्च २०१२ पर्यंत सुरुवात करायची म्हणून, मग २०१३ ला दुसरी आवृत्ती, मुदत पुढे, अजून पुढे. गंमत म्हणजे २०१६ ला जिओ आलं आणि आमच्या शिपायाच्या खिशातला फोन सहावर गेला, ऑफिस चारवरच.

आमच्या प्लॅनमध्ये पहिलं काम हे धरलंय, खोल्याखोल्यांतून फिरून राउटर, प्रिंटर, हजेरीचं मशीन, सीसीटीव्ही सगळं लिहून काढायचं. अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये तर पत्त्याला चार चौकोनच दिलेत, प्रत्येकात तीन आकडे, नवा लांब पत्ता त्यात मावणारच नाही.