गॅन ट्रान्झिस्टरचं मॉडेल मागवण्यापूर्वी

सिम्युलेशनमध्ये अॅम्प्लिफायर छान चालतो, बोर्डवर मात्र पॉवर कमी भरते, ही तक्रार मॉडेल बनवून देणाऱ्या आमच्याकडे वारंवार येते. बहुतेक वेळा मूळ कारण असतं ते मॉडेल (ट्रान्झिस्टरचं वागणं सिम्युलेटरला सांगणारी समीकरणं) ज्या मोजमापांवर बेतलं त्यांत.

गॅलियम नायट्राइडचा (म्हणजेच गॅनचा) बँडगॅप, म्हणजे बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा, सुमारे ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे सिलिकॉनच्या तिप्पट. म्हणूनच हा ट्रान्झिस्टर २८ किंवा ५० व्होल्ट सहज पेलतो. पण त्याच्या पृष्ठभागावर आणि खालच्या बफर थरात इलेक्ट्रॉन अडकतात. ते सुटायला मायक्रोसेकंदांपासून कित्येक सेकंदांपर्यंत वेळ लागतो. गिगाहर्ट्झचा सिग्नल तेवढा थांबत नाही. त्यामुळे नुसत्या डीसी (स्थिर व्होल्टेजच्या) वक्रांवरून आरएफचा (उच्च फ्रिक्वेन्सीवरच्या वागण्याचा) अंदाज बांधणं धोक्याचं.

आम्ही काय करतो? गेट (करंट नियंत्रित करणारं टोक) आणि ड्रेन (करंट वाहून नेणारं एक टोक) शून्य व्होल्टवर ठेवून मायक्रोसेकंदाहून छोटी पल्स देतो आणि करंट नोंदवतो. मग तोच ट्रान्झिस्टर गेटला उणे ५ आणि ड्रेनला २८ व्होल्ट देऊन बंद ठेवतो आणि पुन्हा त्याच बिंदूवर पल्स देतो. आता करंट कमी येतो, नी व्होल्टेज (ज्या ड्रेन व्होल्टेजला करंटचा वक्र वळून सपाट होतो ते) वाढतं. दोन्ही वेळा पल्सआधी चिप तापलेली नसते, म्हणून हा फरक ट्रॅपचाच, म्हणजे अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचाच. तापण्याचा परिणाम आम्ही चकचं (मोजताना चिप ज्यावर ठेवतात त्या पाटाचं) तापमान बदलून वेगळा काढतो.

पॅकेजही विसरू नका. चिपला पॅकेजशी जोडणारी एक मिलिमीटर बाँड वायर म्हणजे ढोबळमानाने एक नॅनोहेन्री. १० गिगाहर्ट्झला तिचा रिअॅक्टन्स (सिग्नलला होणारा अडथळा) ६० ओहमच्या वर जातो. वेफर पाठवत असाल तर त्याच वेफरवर ओपन आणि शॉर्ट रचना (ट्रान्झिस्टरविना नुसते पॅड, एकदा उघडे आणि एकदा एकमेकांना जोडलेले) हव्यातच. त्यांच्याशिवाय पॅडची कपॅसिटन्स गेट-सोर्स कपॅसिटन्समध्ये मिसळते आणि पुढचं सगळं गणित चुकतं.

मॉडेल आम्ही एएसएम-हेम्ट या प्रमाणित समीकरणांच्या स्वरूपात देतो. एमव्हीएसजी या दुसऱ्या मॉडेलबरोबर २०१८ साली ते गॅनसाठी उद्योगमानक ठरलं, आणि त्याच्या जडणघडणीत आयआयटी कानपूरचा मोठा वाटा आहे. तुम्हाला फक्त लो-नॉइज अॅम्प्लिफायर (क्षीण सिग्नल कमीत कमी गोंगाट मिसळून वाढवणारा) करायचा असेल, तर ठरलेल्या बायसवरचे (स्थिर व्होल्टेज-करंटवरचे) एस-पॅरामीटर (सिग्नल किती परततो आणि किती पुढे जातो ते आकडे) आणि नॉइज पॅरामीटर सहसा पुरतात. तिथे पूर्ण मॉडेलवर खर्च करू नका, असंच आम्ही सांगू.

ऑर्डर देताना फ्रिक्वेन्सी, ड्रेन व्होल्टेज, अॅम्प्लिफायरचा क्लास आणि सिग्नल सलग की पल्सचा, एवढं नक्की कळवा. मॉडेलबरोबर लोड-पुलची (आउटपुटचा लोड बदलत पॉवर मोजण्याच्या चाचणीची) तुलनाही मिळेल, आणि ती मॉडेल बेतताना न वापरलेल्या मोजमापांशी केलेली असेल.